एका चिठ्ठीत एकच चूक

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना ‘ही बाई अशी कशी’ म्हणून कुणी तोंड वाकडं करायला नको. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत मी तपासनीस आहे. बनवणारे म्हणतात, इथे भिंत आहे. मी म्हणते, असेल. आणि मग त्या भिंतीला दिवसभर डोकं आपटत बसते, कुठून आरपार जाता येतंय का ते बघत. बहुतेक वेळा येतं. अशा कामात नऊ वर्षं काढली की माणूस घरीही तसाच वागतो. ताई म्हणते, दुधाचं भांडं जागचं हललं तरी तू चौकशी आयोग नेमतेस. ऑफिसात मला शंकासुर म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

हे काम मला मामांनी शिकवलं. माझे सख्खे मामा नव्हेत, अख्ख्या मजल्याचेच मामा. वय त्रेपन्न, आमच्या खोलीत सगळ्यात मोठे, आणि कंट्रोलर हातात घेतला की सगळ्यात शांत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, एका चिठ्ठीत एकच चूक. चूक सापडली की तिची चिठ्ठी लिहायची, सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडायचा आणि योग्य त्या खात्याकडे पाठवायची. दोन चुका एकत्र कोंबल्या की एक दुरुस्त होते आणि दुसरी तशीच राहते. दुसरी गोष्ट, शिडी चढून वर आलं की आधी मागे वळून बघायचं. सगळे खेळाडू वर पोचले की पुढे पळतात. म्हणून बनवणारे मागचं सगळं खुशाल पुसून टाकतात, आणि खऱ्या भानगडी तिथेच असतात. मी महिनाभरात शिकले. आता जिन्यानं वर आले तरी मान मागे वळते.

मामांचं एक दुखणं होतं. एकोणीस वर्षं काम करून त्यांचं नाव एकाही गेमच्या शेवटी आलेलं नव्हतं. तीन गेम अर्ध्यात बंद पडले, आणि बाकीच्यांत तपासनिसांच्या जागी नुसतं ‘आणि इतर सहकारी’. मामा म्हणायचे, “माझी मुलगी सगळ्यांना सांगते, बाबा गेम बनवतात. लोक विचारतात, कुठले? ती म्हणते, इतर सहकारी.” सांगताना हसायचे, पण दर दोन-तीन महिन्यांनी सांगायचे.

या वेळी मात्र प्रत्येकाचं नाव येणार होतं. गेमच तसा होता. आम्ही आपसात त्याला ‘धरण’ म्हणायचो. नवं कन्सोल बाजारात येऊन आठ महिने झाले होते आणि त्यावर खेळण्यासारखं काही नव्हतं. एवढं महाग यंत्र लोकांच्या घरी धूळ खात पडलं होतं. कन्सोलवाल्या कंपनीने सगळी भिस्त आमच्यावर टाकली होती. धरण अगदी सिनेमासारखा होता. एक पाणबुड्या धरणाखाली बुडालेल्या गावात आपल्या बहिणीचा माग काढत जातो. पायाखालचा झुलता पूल तुटतो, बुरूज कोसळतात, आणि पडद्यावरचा प्रसंग कुठे संपला आणि आपला हात कुठे सुरू झाला ते कळतच नाही. शेवटी उंच मनोऱ्यावर तो पोचतो, तर जिला सगळे मेलेली समजत होते ती बहीण तिथे उभी. धरणाचे दरवाजे उघडणारी तीच. हे गुपित शंभर-सव्वाशे लोकांना ठाऊक होतं, आणि प्रत्येकाने तोंड बंद ठेवायच्या कागदावर सही केलेली होती.

गेमच्या डिस्क छापायला जायच्या पाच आठवडे आधी, एका सोमवारी सकाळी, मनोऱ्यावरचा तो प्रसंग इंटरनेटवर आला. बेचाळीस सेकंद. आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या कोपऱ्यात खेळणाऱ्या तपासनिसाचा आकडा उमटतो, तो दिसू नये म्हणून चारी कडा कापलेल्या. दुपारपर्यंत बहीण जिवंत आहे हे जगाला कळलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या मजल्यावर कुणी कुणाचं राहिलं नाही. कन्सोलवाल्या कंपनीची दोन माणसं येऊन बसली. दाराशी टोपली ठेवली, फोन त्यात टाकायचे. जाताना बॅगा उघडून दाखवायच्या. चहाच्या यंत्रापाशी दोघं बोलत असली आणि तिसरा आला की गप्प. एक चित्रकार जरा मोठ्याने हसला तर मला वाटलं, इतकं हसायला काय झालं याला. दुसऱ्याने डबा आणला नाही तर मनात आलं, बाहेर जेवायला का चाललाय, कुणाला भेटायचंय. मला तर त्या दिवसांत खरं सांगायचं तर मजाच येत होती. आयुष्यभर मला लोक संशयी म्हणून हसले, आणि आता सगळा मजला माझ्या पंगतीला येऊन बसला होता.

ती क्लिप मी साठ वेळा तरी पाहिली. शिडी संपते, पाणबुड्या मनोऱ्यावर येतो, दोन पावलं टाकतो, आणि झर्रकन मागे वळून खाली बघतो. मग पुढे. मग बहीण. एकसष्टाव्या वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. मागे कोण बघतं? मनोरा कोसळायला आलाय, समोर एवढा प्रसंग वाट बघतोय, आणि हा खेळाडू मागे वळून बघतो. असं खेळणारं माणूस एकच.

आणि एकदा असं वाटल्यावर मला सगळंच दिसायला लागलं. मामा गेले काही महिने रोज साडेचारच्या ठोक्याला निघत होते. पूर्वी त्यांना सहा वाजता हाकलावं लागायचं. जिन्यात उभे राहून हळू आवाजात फोन करायचे आणि कुणी आलं की बंद करायचे. एक छोटी काळी पिशवी आणायचे, ती टेबलावर कधी ठेवत नसत, मांडीवरच. बॅगा तपासायला लागले तेव्हा त्यांनी पहारेकऱ्याला बाजूला घेतलं आणि पिशवी त्याला एकट्यालाच दाखवली. मॅडमनी सगळ्यांना बोलावून ती क्लिप मोठ्या पडद्यावर लावली, तेव्हा सगळे चुकचुकत होते, शिव्या घालत होते. मामांनी ती एकदा पाहिली, मान खाली घातली, आणि डाव्या तळव्यात उजवा अंगठा चोळत बसले. मग माझ्याकडे पाहिलं. मी पाहिल्यावर नजर काढून घेतली.

ती नजर मला पुरली. दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम म्हणजे आमच्या गेमच्या प्रमुख, कामाला वाघीण, बोलायला चार शब्द.

“हे मामांनी खेळलेलं आहे,” मी म्हटलं.

“कशावरून?”

“शिडी चढल्यावर मागे बघतात बघा. असं फक्त मामा करतात. त्यांना खेळायचा हात लपवता आला नाही.”

मॅडमनी क्लिप पुन्हा लावली. पाहिली. “तुला खात्री आहे?”

“माझ्या गुरूचा हात मी ओळखणार नाही?” मी म्हटलं. अगदी याच शब्दांत म्हटलं. आज आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

मामांना बोलावलं. पाऊण तास केबिनमध्ये होते. मला नंतर कळलं ते एवढंच, की त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रोज साडेचारला कुठे जाता? खासगी आहे. पिशवीत काय आहे? खासगी आहे. क्लिप तुमची आहे का? मला काही बोलायचं नाही. निर्दोष माणूस असं बोलतो होय, मी मनात म्हटलं. त्याच दुपारी त्यांना काढलं. मॅडमनी गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांची यादी उघडून त्यांचं नाव पुसलं आणि कन्सोलवाल्यांना कळवलं, माणूस सापडला.

मामांनी आपला कप फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवला. जाताना माझ्या टेबलाशी थांबले.

“आता खोली तुझ्यावर आहे,” ते म्हणाले. “चिठ्ठ्या नीट लिही.”

मला तो टोमणा वाटला. मी मान वर केली नाही.

पुढचे चार आठवडे कामात बुडून गेले. टोपली गेली, फोन परत आले, लोक पुन्हा हसायला लागले. मला शाबासकी मिळाली. कुणी विषय काढला की मी म्हणायचे, वाईट वाटतं, पण करणार काय. आणि वाईट वाटायचंच. पण त्याच्या तळाशी आपण बरोबर होतो याचा एक खमंगपणाही होता, तो मी कशाला लपवू.

शुक्रवारी बाराला गेम छापायला जाणार होता. गुरुवारी प्रत्येकाने आपापल्या जुन्या चिठ्ठ्या तपासून बंद करायच्या, असा दंडक असतो. माझ्या सहाशेच्या वर होत्या. एकेक उघडायची, व्हिडिओ बघायचा, चूक दुरुस्त झाली का बघायची, ‘बंद’ लिहायचं. दुपारी अडीचला चार हजार एकशे सतरा नंबरची चिठ्ठी उघडली. माझंच लिखाण. ‘मनोऱ्यावरच्या दोरखंडाचा आवाज येत नाही. शिवाय दोर पाणबुड्याच्या हातातून आरपार जातो.’

एका चिठ्ठीत दोन चुका. मी स्वतःशीच म्हटलं, बाई, तू तरी. त्या दिवशी घाई असणार, ताईला दवाखान्यात न्यायचं होतं. दोर हातातून जातो ते चित्रवाल्यांचं काम, आवाज येत नाही ते आवाजवाल्यांचं. मी दोन्ही एकत्र लिहून खातं निवडलं होतं ‘आवाज’. व्हिडिओ लावला. दहा सेकंदांचा हवा, तर हा दीड मिनिटाचा. घाईत रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलेलं.

शिडी संपली. पाणबुड्या वर आला. दोन पावलं टाकली आणि झर्रकन मागे वळला. मग पुढे. मग बहीण.

मी ती क्लिप इतक्या वेळा पाहिली होती की पावलं तोंडपाठ होती. दोर किती वेळा हलतो, बहिणीच्या केसाची बट कुठल्या क्षणी उडते, सगळं. हीच ती. कडा न कापलेली, कोपऱ्यात माझा आकडा असलेली. मी टेबलाची कड धरली.

चिठ्ठी कुणाकुणाला गेली ते खाली लिहिलेलं असतं. ‘आवाज’ खात्याच्या चिठ्ठ्या आपोआप बाहेर जातात, कारण आवाजाचं काम आम्ही बाहेरच्या एका स्टुडिओला दिलेलं होतं. तिथे एकोणीस जणांना ती पोचली होती. त्या एकोणिसांतल्या कुणीतरी कडा कापल्या. बाहेर जाणाऱ्या चिठ्ठ्या तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. सुचलं असतं, पण मी तिसऱ्याच दिवशी माणूस हातात आणून दिला होता ना.

मागे वळून बघणारी या इमारतीत दोन माणसं. एक शिकवणारा आणि एक शिकलेली. मी साठ वेळा ती क्लिप पाहिली, जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला, अगदी डबा न आणणाऱ्यावरही. स्वतःवर तेवढा घेतला नाही.

मी मॅडमकडे गेले आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. त्या व्हिडिओ पाहताना एकदाही हलल्या नाहीत.

“उद्या बाराला गेम जातोय,” त्या म्हणाल्या.

“मामांचं नाव परत घाला.”

“कन्सोलवाल्यांना मी सांगितलंय की आमचा माणूस होता आणि आम्ही त्याला काढला. आता काय सांगू, माणूस नव्हताच?”

“सांगा की माणूस चुकीचा होता. बाई होती.”

मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुझं नाव जाईल. नोकरी मी राखीन, पण यादीत कुणाचं तरी नाव कमी झालेलं त्यांना दिसावं लागेल.”

“माझं काढा,” मी म्हटलं. फार धीराने म्हटलं असं समजू नका. नऊ वर्षांत माझंही नाव कुठे आलेलं नव्हतं. ताईने तर शेजारी सांगूनही ठेवलं होतं. पण मॅडमनी माझ्यासमोर एक ओळ पुसली आणि तिथे दुसरी लिहिली, तेव्हा अडीच वाजल्यापासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

पाच वाजता मी मामांच्या दारात होते. दार त्यांनीच उघडलं, डाव्या हाताने. उजव्या हाताला मनगटापासून अंगठ्यापर्यंत पट्टी आणि आत टणक काहीतरी. आत टेबलावर हात शेकायच्या गरम मेणाचं भांडं होतं आणि शेजारी ती काळी पिशवी, रिकामी; तिच्यातलं ते आता हातावर होतं.

“अंगठा गेलाय,” माझी नजर बघून ते म्हणाले. “सहा-सात महिने झाले. पाच वाजता उपचार असायचे. हल्ली घरीच करतो, आता साडेचारला पळायची भानगड नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तपासनिसाचा अंगठा चालत नाही हे ऑफिसात कशाला सांगू? गेम पुरा होईपर्यंत रेटायचं होतं. नाव येईपर्यंत.”

मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. चिठ्ठी, दोन चुका, आवाजवाले, मॅडम. क्षमा मागायचं घोकत आले होते, ते शब्द कुठे गेले कुणास ठाऊक. मामा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं, आणि मला ते उशिरा कळलं.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हटलं.

“मोठ्या पडद्यावर बघितली तेव्हाच. पाणबुड्या कसा झर्रकन वळतो त्यात. माझ्या अंगठ्याला ते जमून किती महिने झाले. आणि मी नाही, तर मागे बघणारं दुसरं कोण आहे?”

“मग अंगठा दाखवायचा ना मॅडमना. तिथल्या तिथे सुटला असतात.”

“सुटलो असतो,” ते म्हणाले. “मग मॅडमनी तोच पुढचा प्रश्न विचारला असता.”

मी खुर्ची ओढून बसले. मी ओळखलं समजून बोलले होते आणि त्यांनी ओळखून तोंड मिटलं होतं. आणि मी त्यांची मान खाली गेलेली पाहून त्यांना चोर ठरवलं होतं.

“रागावला नाहीत तुम्ही?”

“रागावलो तर. काचेची केबिन आहे, आत कोण जाऊन आलं ते मला दिसलं होतं. घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोललो नाही.” ते अंगठा चोळत राहिले. “पण मलाही वाटलं की तू मुद्दाम केलंस. काही अडचण असेल पोरीला, कुणी गाठलं असेल. तेव्हा मीही तुझ्यावर संशयच घेतला. विचारलं नाही.”

“मीही नाही विचारलं.”

“नाही विचारलंस.”

 मग मी सांगितलं की त्यांचं नाव पुन्हा घातलंय, उद्या बाराला पक्कं होईल. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना. मग चष्मा काढून पुसला, आणि डोळे पुसले ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

“आणि तुझं?” ते म्हणाले.

“आहे की. तुमच्या खालीच.”

मामांनी माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं पाहिलं. “असेल,” ते म्हणाले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. धरण आला आणि ते कन्सोल दुकानात उरेना. लोक यंत्र घ्यायला जायचे आणि म्हणायचे, तो पाणबुड्याचा गेम ज्यावर चालतो ते द्या. बहीण जिवंत आहे हे आधी कळूनही कुणाचं काही बिघडलं नाही. ताईने माझ्यासोबत बसून शेवटची नामावली पाहिली, अकरा मिनिटं. तपासनिसांत मामांचं नाव आलं तेव्हा मी पडद्याला बोट लावून दाखवलं. ताई म्हणाली, तुझं कुठंय? मी म्हटलं, पुढे येईल. यादी संपली. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मग काही न विचारता पाणी आणायला उठली.

मामा परत आले नाहीत. अंगठा बरा होणार नव्हता. माझ्याकडे आता खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचायचं काम आहे. गेम येऊन महिना झाला असेल, एका सकाळी त्या तक्रारींत एक चिठ्ठी आली. आमच्याच पद्धतीने लिहिलेली, आमचेच रकाने.

‘कुठे: शेवटची नामावली. काय दिसतं: तपासनिसांमध्ये एक नाव कमी. काय दिसायला हवं: शंकासुर, खरं नाव कंपनीला ठाऊक आहे. किती वेळा तपासलं: दोनदा, गेम पूर्ण संपवून. महत्त्व: गंभीर.’

एका चिठ्ठीत एकच चूक होती. सोबत व्हिडिओ जोडला होता. मला वाटलं नामावलीचा असेल, तर तो मनोऱ्यापासून सुरू होत होता. शिडी संपली. पाणबुड्या वर आला, दोन पावलं टाकून थांबला. काही घडेना. मी म्हटलं अडकला बहुतेक. मग पडदा हलला, थोडा थोडा करत, मध्येच थबकत, पुन्हा हलत. मी घड्याळ लावून मोजलं. पूर्ण मागे वळून बघायला त्याला नऊ सेकंद लागले.